जनावरांच्या दवाखान्यातला गुरुवार

दारू सोडायची मनाची तयारी झाली की अर्धं काम झालं, असं ज्यांनी कधी सोडली नाही ते लोक फार सांगतात. माझी तयारी झाली होती. आता जायचं कुठं, हे काही केल्या कळत नव्हतं.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. शिरूरला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती टेम्पोत घालून थेट माझ्या दारात आणायचा. उभं पीक पाण्यावाचून वाळत असायचं, त्यामुळं माणूस मोटार टाकून घरी जायचाच नाही, समोर बसून राहायचा. मी जळकी तार उपसायची, नवे वेढे भरायचे, वार्निश लावून वाळवायचं आणि त्याच्याबरोबर शेतावर जाऊन मोटार बसवून द्यायची. पाइपातून पाण्याची धार पडली की पार्टी ठरलेली. ही आमच्या धंद्यातली रीतच होती. मिस्त्रीनं घेतली नाही तर मोटार पुन्हा जळते, असं म्हणणारेसुद्धा मी पाहिलेत. मला विकत फारशी घ्यावी लागली नाही, पाजणारे दारात येत होते. ही गोष्ट मी बायकोला मोठ्या अभिमानानं सांगायचो.

मग हात थरथरायला लागले. वेढे मोजताना आकडा विसरायचा. एका माणसाची मोटार मी भरून दिली आणि ती आठवड्यात पुन्हा जळाली. तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो मोटार उचलून दुसऱ्या दुकानात गेला. त्या दिवशी मी आपण होऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पोटाच्या गोळ्या दिल्या आणि एका चिठ्ठीवर पुण्याचा फोन नंबर लिहून दिला. म्हणाले, “दारू सोडलेल्या लोकांच्या मीटिंगा असतात. औषध नाही, इंजेक्शन नाही. तिथं जाऊन बसायचं.”

चिठ्ठी महिनाभर खिशात फिरली. फोन करायचा म्हणजे एसटीडी बूथवर जायचं, आणि आमच्या बूथवाल्याचे कान फार चांगले होते. शेवटी एकदा धीर करून गेलो, तोंडावर हात धरून बोललो. पलीकडचा माणूस म्हणाला, शिरूरला अजून काही नाही, तुम्हाला दौंड जवळ पडेल. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता, चर्चच्या मागच्या खोलीत.

मी फोन ठेवला. बूथवाला म्हणाला, “दौंडला काय?”

“साडूकडं कार्यक्रम आहे,” मी म्हणालो. मला साडू नाही, हे त्याला चांगलं माहीत होतं.

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला जायचं, तिथं गाडी बदलायची, मग वरवंड, पाटस करत दौंड. पहिल्या रविवारी दौंडला उतरलो आणि चर्च कुठं ते विचारायचं सोडून एका चहावाल्याला हळूच विचारलं, “इथं दारू सोडायची मीटिंग कुठं असते?”

तो म्हणाला, “धरायची आसंल तर चार जागा दावतो. सोडायची म्हाईत न्हाई.” बाकावरची माणसं हसली. मीही हसलो, त्याशिवाय काय करणार. एवढा राग आला होता की परतीची गाडी धरणार होतो. पण दोन तासांचा प्रवास करून तसंच परत जायचं, तर बायकोला काय सांगणार, म्हणून चर्च शोधत निघालो.

खोलीत सात माणसं होती. पत्र्याच्या खुर्च्या, मधे एक टेबल, टेबलावर चहाची किटली. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, त्यांना सगळे आप्पा म्हणत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि काही विचारलं नाही. “बसा,” म्हणाले. “च्या घ्या. बोलायलाच पायजे आसं न्हाई.”

प्रत्येक जण आपलं नाव सांगायचा, मी दारुडा आहे म्हणायचा आणि पुढं बोलायचा. मला पहिल्यांदा हे सगळं नाटकी वाटलं. माणसानं दारुडा आहे असं आपल्याच तोंडानं सांगायचं, आणि बाकीच्यांनी त्यावर साधी भुवईसुद्धा उंचवायची नाही? मग एक जण म्हणाला, की तो बाटली धान्याच्या कणगीत लपवायचा आणि सून धान्य काढायला निघाली की आपणच सूप घेऊन पुढं धावायचा. मी जळक्या मोटारीच्या रिकाम्या खोक्यात लपवायचो. जगात असा प्रकार करणारा मी एकटाच, अशी माझी पक्की समजूत होती. मला एकदम रडू फुटलं. आप्पांनी किटली माझ्याकडं सरकवली, बोलणारा बोलत राहिला.

त्या रविवारपासून मी दारूला शिवलो नाही.

रविवार चांगला जायचा, प्रश्न बाकीच्या सहा दिवसांचा होता. माझे सगळे मित्र पिणारे होते. भांडण कुणाशीच झालं नाही, ते फक्त यायचे थांबले. शेतावर पाणी पडलं की शेतकरी ग्लास पुढं करायचा, मी नाही म्हटलं की त्याचं तोंड उतरायचं. संध्याकाळी पाच ते आठ हे तीन तास मला खायला उठायचे. दुकान लवकर बंद करवत नव्हतं आणि उघडं ठेवावं तर कुणी येत नव्हतं. बायकोशी बोलायला जावं तर पंधरा वर्षांत आमच्यात भांडणाशिवाय बोलायची सवयच राहिली नव्हती. ती चांगलं वागायची. भाकरी गरम वाढायची, माझ्या तोंडाकडं बघायची, वास येत नाही याची खात्री करून घ्यायची आणि आत जायची. दारूत असताना मी कधी एकटा नव्हतो, हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. सोडली आणि एकटा पडलो.

नऊ-दहा महिने झाल्यावर हे मी दौंडच्या खोलीत बोललो. आप्पा म्हणाले, “मंग शिरूरलाच एक खोली बघा की. दोन माणसं बसली की झाली मीटिंग.”

“आणि दुसरा कोण?”

“त्यो यील. तुमी खोली उघडून बसा.”

खोलीसाठी मी फार डोकं चालवलं. शाळेत नको, लोक बघतात. देवळात नको, शपथा घ्यायला लागतात. शेवटी जनावरांच्या दवाखान्याच्या डॉक्टरांना विचारलं. दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक रिकामी खोली होती, ती त्यांनी गुरुवारी संध्याकाळी वापरायला दिली. जागा मला एकाच कारणासाठी पसंत होती. तिथं शिरताना कुणी पाहिलंच, तर शेळीचं औषध न्यायला आलो म्हणता येत होतं. भिंतीवर लाळ्या-खुरकुताचं पोस्टर, फिनेलचा वास, दोन खुर्च्या आणि एक बाक. दौंडहून आणलेला मीटिंगच्या सुरुवातीचा कागद मी मोठ्यानं वाचायचो. समोर कुणी नसताना मोठ्यानं वाचायचं म्हणजे वेड लागल्यासारखंच वाटतं. पण आप्पांनी सांगितलं होतं, वाचायचं. मी वाचायचो, मग तासभर बसायचो आणि कुलूप लावून घरी जायचो.

असे पाच गुरुवार गेले. सहाव्या गुरुवारी एक माणूस शेळी घेऊन आला. धनगर समाजातला, साठीच्या घरातला, नदीपलीकडच्या वस्तीवर शेती करणारा. शेळी दाराबाहेर बांधली आणि आत येऊन बाकाच्या टोकाला बसला. नाव सांगितलं नाही. मी वाचलं, थोडं माझं सांगितलं, तो ऐकत होता. तास संपल्यावर शेळी सोडून निघून गेला. दुसऱ्या गुरुवारी पुन्हा आला, तीच शेळी घेऊन. तिसऱ्या गुरुवारी जाताना म्हणाला, “पुढल्या येळंला बोलंन म्हन्तो.”

मी त्या आठवड्यात किती खूश होतो ते कसं सांगू! घरी जाऊन बायकोला हाक मारून सांगितलं. तिला नीट कळलं नाही, पण मी हाक मारली याचाच तिला आनंद झाला.

त्याच आठवड्यात माझं वर्ष भरलं. दौंडला आप्पांनी जिलबी आणली होती. “वर्साचं कवतिक आजच्यापुरतं,” म्हणाले. “उद्या पुन्ना एकच दिवस. आन् हितलं हितंच, भाईर काय सांगायचं न्हाई.”

मी बाहेर सांगितलं नाही. बायकोनं सांगितलं. तिला मी दोष देत नाही. पंधरा वर्षं शेजारणींपुढं मान खाली घालून वावरलेली बाई, तिनं एकदा मान वर करून सांगितलं असेल. ते शेजारणीकडून आमच्या आळीतल्या तरुण मंडळाच्या अध्यक्षांपर्यंत गेलं. मंडळाचा दरवर्षी गुणवंतांचा सत्कार असायचा. दहावीत चमकलेली मुलं, एखादा कुस्ती मारलेला पैलवान, एखादे निवृत्त गुरुजी. अध्यक्ष दुकानात आले, म्हणाले, “मिस्त्री, यंदा तुमचा सत्कार. नाय म्हणायचं न्हाई. समाजाला आदर्श पायजे.”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण दुकानाच्या आतल्या दारात बायको उभी होती. तिचा चेहरा बघून मी हो म्हणालो. आमच्याकडं माणसानं काही बरं केलं की त्याला स्टेजवर चढवून शाल-नारळ द्यायचा, यापलीकडं कौतुक करायची दुसरी पद्धतच कुणाला ठाऊक नाही. आणि मलाही तो नारळ हवा होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

सत्कार बुधवारी रात्री झाला, शेळीवाला बोलणार होता त्या गुरुवारच्या आदल्या दिवशी. निवेदक माइकवरून म्हणाला, “जे कालपर्यंत गटारीत पडलेले आपण पाहत होतो, तेच आज आपल्यासमोर ताठ मानेनं उभे आहेत!” टाळ्या पडल्या. मी गटारीत कधी पडलो नव्हतो. दुकानातच पडायचो. मग अध्यक्ष उठले आणि त्यांनी वर सांगून टाकलं, की आपल्या मिस्त्रींनी दर गुरुवारी सहा वाजता जनावरांच्या दवाखान्यात दारू सोडवण्याचं काम सुरू केलंय, ज्यांच्या घरात दारुडा असेल त्यांनी लाभ घ्यावा. कर्णे पार नदीपर्यंत लावलेले होते.

शेळीवाला माणूस त्यानंतर आला नाही. पुन्हा कधीच आला नाही. मी बाजाराच्या दिवशी त्याला शोधायचो. एकदा लांबून दिसला, मी हात केला, त्यानं मान फिरवली.

पण बाकीचे आले. स्वतःच्या पायांनी एकही आला नाही, सगळ्यांना कुणीतरी आणलं होतं. बायका नवऱ्यांना दंडाला धरून घेऊन यायच्या, बरोबर नारळ, उदबत्ती. “तुमच्या हातानं शपथ घाला ओ.” मी समजावून दमलो, की मी कुणी बुवा नाही, मला काही येत नाही, मी आजारी माणूस आहे आणि तुमच्यासारखाच बसायला येतो. त्यावर ते म्हणायचे, मोठी माणसं असंच बोलतात. नवरे बिचारे माझ्या पाया पडून सुटायचे आणि परत जाताना रस्त्यातच प्यायचे. पुढं लोक रविवारीही दुकानात यायला लागले. दूरदूरच्या गावांहून माणसं आलेली, त्यांना सोडून दौंडला कसं जायचं? एक रविवार चुकला, मग दुसरा. खरं कारण वेगळं होतं. दौंडला गेलो असतो तर सत्काराचं सांगावं लागलं असतं, आणि आप्पा काही न बोलता किटली सरकवतील याचीच मला भीती वाटत होती.

आता मला गावात सगळे नमस्कार करायचे. शेतावर पाणी पडलं की ग्लास पुढं येत नव्हता, शेतकरी हात जोडायचा. आणि मला रोज प्यावंसं वाटत होतं. आदर्श माणसानं हे कुणाला सांगायचं? बायकोला सांगावं तर तिची मान पुन्हा खाली जाणार. मी इतका एकटा दारूतही नव्हतो आणि दारू सोडल्यावरही नव्हतो, जितका त्या दोन महिन्यांत होतो.

एका रविवारी मी ठरवून दौंडला निघालो. चौफुल्याला उतरलो. दौंडची गाडी समोर लागली होती, कंडक्टर हाका मारत होता. मी त्या गाडीकडं चालत गेलो, आणि पलीकडून पुण्याकडं जाणारी गाडी आली तिच्यात बसलो. यवतला उतरलो. तिथं मला ओळखणारं कुणी नव्हतं, असं मला वाटलं. ढाब्यावर कोपऱ्यातल्या टेबलावर बसून मी क्वार्टर मागवली आणि प्यायली. मग दुसरी मागवली. पलीकडच्या बाजेवर शिरूरचाच एक ट्रकवाला जेवत होता. त्यानं मला पाहिलं. मी त्याला पाहिलं. त्यानं हात जोडून नमस्कार केला.

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

सोमवारी सकाळी मी एसटीडी बूथवर गेलो. आप्पांच्या घरचा नंबर लावला. या वेळी तोंडावर हात धरला नाही. बूथवाल्यासमोर, ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, “आप्पा, मी काल प्यायलो.”

आप्पा म्हणाले, “आत्ता घेतलेली हाय का?”

“नाही.”

“मंग आज पयला दिवस. गुरवारी खोली उघडा.”

“आता कोण येणार आप्पा तिथं?”

“आधी तरी कोन येत हुतं?” ते म्हणाले. मला हसू आलं. बूथवाला दुसरीकडं बघत होता.

बायको मंगळवारी वरवंडला भावाकडं गेली. भांडली नाही. “मला आता आळीत तोंड दाखवायला नको वाटतं,” एवढंच म्हणाली. पंधरा दिवसांनी आली, पण ते नंतरचं. त्या आठवड्यात दुकानात एकही नारळ आला नाही. मोटारीही आल्या नाहीत. मंडळाचे अध्यक्ष समोरून गेले, त्यांना दुकानाच्या बाजूला मान वळवायची गरज पडली नाही. मी भाकरी करायला शिकत होतो आणि करपवत होतो. मला स्वतःची लाज वाटत होती, चीडही येत होती, आणि खरं सांगायचं तर आतून थोडं हलकंही वाटत होतं. गमवायला आता काही उरलं नव्हतं.

गुरुवारी सहाला मी खोली उघडली. बाकावरची धूळ पुसली. कागद काढून वाचायला लागलो. पानाच्या मधे कुठंतरी होतो, तेव्हा दारात माणूस उभा दिसला. चाळिशीचा असावा. हातांवर सिमेंट वाळलेलं, गवंडी काम करणारा. बरोबर बायको नव्हती, जनावर नव्हतं, हातात नारळ नव्हता. मी त्याला पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं.

“ते गुरवारचं हितंच व्हय?” त्यानं विचारलं.

“इथंच. पण मी शपथ-बिपथ घालत नाही,” मी जरा तिरसटपणानंच म्हणालो. “आणि तुम्ही ऐकलं असेलच. मी रविवारी प्यायलो. आज माझा चौथा दिवस आहे.”

“ऐकलं म्हून तर आलो,” तो म्हणाला.

मला समजलं नाही. तो आत येऊन बाकावर बसला, माझ्या अगदी समोर. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि त्यांच्याकडंच बघत बोलला, “आदी बी येनार हुतो. दोनदा फाटकापतुर आलो आन् माघारी गेलो. तुमचा सत्कार झाल्याला. चांगल्या मानसाम्होरं आपून काय बोलायचं?”

कागद हातात होता, तो मी खाली ठेवला.

“किती दिवस झाले तुम्हाला?” मी विचारलं.

“आकरा.”

“माझ्यापेक्षा सात जास्त.”

“व्हय की,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. “एक इचारू का? खरं सांगायचं बगा. रविवारी तुमी पयला घोट घेतला, तवा कसं वाटलं?”

पिताना कसं वाटतं, हे मला शिरूरमध्ये कधी कुणी विचारलं नव्हतं. बायकोनं नाही, डॉक्टरांनी नाही, ज्यांनी नमस्कार केले त्यांनी नाही. ठरलेलं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं, विषासारखं वाटलं म्हणून सांगायचं. ते मी गिळलं.

“बरं वाटलं,” मी म्हणालो. “लई बरं वाटलं.”

त्यानं हळूहळू मान हलवली.

“मलाबी बरंच वाटतं,” तो म्हणाला. “म्हून तर भ्या वाटतंय.”